दोन मात्रा जास्त

दिगंबरने तबल्यावरचा हात उचलला आणि तो तसाच हवेत धरून माझ्याकडे पाहिलं. मनरूप गप्प उभी होती. ओळ संपली होती, सम येऊन गेली होती, आणि ती मान उजवीकडे किंचित कलती करून समोरच्या भिंतीकडे बघत होती. मग कुणीतरी परवानगी दिल्यासारखी ती पुढची ओळ गायला लागली. सूर स्वच्छ, शब्द स्वच्छ, आणि जागा साफ चुकलेली.

"थांब बाळा," मी म्हणालो.

"सर, हे गाणं केरव्याच्या आठ मात्रांत सुरू होतं आणि झपतालाच्या दहांत संपतं," दिगंबर म्हणाला. "मी नेमकं काय वाजवायचं तेवढं सांगा. तेच वाजवतो."

मनरूप हसली. दहा वर्षांची पोर, पाचवीत होती. दोन घट्ट वेण्या, शाळेच्या निळ्या फ्रॉकखाली पांढरी सलवार आणि हातात स्टीलचं कडं. आपल्यावरच विनोद झालाय हे तिला कळलं होतं आणि तिला त्याचं काही वाटलं नव्हतं.

"ओळ संपली की तू थांबतेस का गं?"

"तिथं थांबायचं असतं ना, सर."

"कुणी सांगितलं?"

तिने विचार केला. "कुणी नाही. असतंच."

मी पेटी पुढे ओढली आणि तिला पुन्हा पहिल्यापासून घ्यायला सांगितलं. ती पुन्हा त्याच जागी थांबली.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. नांदेडच्या त्या शाळेत मी तेव्हा संगीत शिकवत होतो, आणि मुलांवर कधी आवाज चढवला नाही याचा मला थोडा गर्वही होता. मूल चुकतं ते शिकवणाऱ्याला रस्ता सापडलेला नसतो म्हणून, असं मी नव्या शिक्षकांना सांगायचो. मनरूपच्या बाबतीत मात्र महिनाभर मला रस्ता सापडेना. दुसऱ्या कुणाचं गाणं असतं तर मी ते बदलून दिलं असतं. हे बदलता येत नव्हतं.

कारण हे गाणं तिला तिच्या वडिलांसाठी गायचं होतं. गुरदयाल सिंग मूळचे होशियारपूरकडचे. तरुणपणी गुरुद्वाऱ्यात सेवेसाठी नांदेडला आले ते इथेच राहिले, ट्रक चालवू लागले, इथल्याच सुरजीत कौरशी त्यांचं लग्न झालं. सुरजीतच्या घरच्यांच्या पाच-सहा पिढ्या नांदेडात गेलेल्या, त्यामुळे त्या माझ्याइतकंच मराठी बोलायच्या. मनरूप पाच वर्षांची असताना गुरदयाल इटलीला गेले. तिथे कुठल्याशा गावात गाईंच्या गोठ्यावर काम करत होते. तिथली कागदपत्रं पक्की होईपर्यंत देश सोडला, तर परत आत घेत नाहीत. कागद आज होतील, उद्या होतील, असं करत पाच वर्षं झाली होती आणि ते एकदाही घरी आले नव्हते. दर रविवारी फोन यायचा, एवढंच.

गाणं त्यांनीच तिला दिलेलं होतं. तुम्ही ढाब्यावर किंवा ट्रकच्या केबिनमधून त्या तऱ्हेची पंजाबी गाणी ऐकली असतील. जुन्या गाण्यातला माणूस पलटणीत जायचा, नव्या गाण्यातला विमानतळावर जातो. मागे राहिलेली बाई तीच असते, तिचं म्हणणंही तेच. या गाण्यातली बाई गच्चीवर कपडे वाळत घालताना वरून जाणाऱ्या विमानाला विचारते, गहू दोनदा कापून झाला, तुझ्या हातचं लिंबाचं रोप माझ्या खांद्याला लागलं, आता तरी कळव. प्रत्येक ओळीच्या शेवटी दोनच शब्द यायचे, ‘तूं आवीं’. तू ये. गुरदयाल गेले त्या वर्षी हे गाणं गाजत होतं, आणि हैदराबादच्या विमानतळाकडे जाताना गाडीत तेच लागलं होतं. ड्रायव्हरला बंद कर म्हणायचं कुणाला सुचलं नाही, असं सुरजीत कौर मला एकदा म्हणाल्या होत्या.

स्नेहसंमेलनासाठी मनरूपने ते गाणं निवडलं तेव्हा मुख्याध्यापिका घोगरेबाईंनी मला बोलावून घेतलं.

"उमरीकर सर, पाचवीतली मुलगी स्टेजवर उभी राहून प्रियकराला ये ये म्हणणार?"

मी म्हणालो, कोणाला ये म्हणते ते गाण्यात कुठेच आलेलं नाही. ऐकणाऱ्याने ठरवावं.

घोगरेबाईंनी खिडकीबाहेर बघत थोडा विचार केला. पालक काय म्हणतील हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळायचं. शेवटी त्यांनी तोड काढली. निवेदनात असं सांगायचं, की सीमेवरच्या जवानाची पत्नी हे गाते आहे. मग कोणाचीच हरकत राहणार नाही. मी मान्य केलं. मनरूपला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पण सर, पापाजी तर गाई सांभाळतात."

"ते आपल्या दोघांत ठेवू," मी म्हणालो.

स्नेहसंमेलन दुपारचं होतं. त्या वेळी इटलीत सकाळचं काम उरकलेलं असतं, गुरदयाल फोन करणार होते. सुरजीत कौर मोबाइल हातात धरून पुढच्या रांगेत बसणार, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा बाप आपल्या मुलीचं गाणं तबला-पेटीसह ऐकणार होता. मनरूपने ते मला तीन वेळा सांगितलं होतं. "सगळं बरोबर यायला पाहिजे, सर. एक पण चूक नको."

आणि चूक तर प्रत्येक ओळीला होत होती.

ती रोज सारखीच थांबली असती तर दिगंबरने सांभाळून घेतलं असतं. तो जत्रेतल्या गायकांना साथ करून तयार झालेला माणूस, दोन मात्रा इकडच्या तिकडे करणं त्याच्या हातचा मळ होता. पण ती कधी दोन मात्रा थांबायची, कधी तीन. एकदा तर इतका वेळ थांबली, की दिगंबर म्हणाला, तोवर मी चहा पिऊन येतो. आणि दरवेळी मान उजवीकडे कलती. मी तिला तालाचे बोल म्हणायला लावले, टाळ्या द्यायला लावल्या. दोन वाट्या घेतल्या, एकीत चिंचोके टाकले आणि गाता गाता एकेक चिंचोका दुसरीत टाकायला सांगितलं. आठ झाले की पुढची ओळ. चिंचोके बरोबर पडायचे. नवव्याला हात वाटीवर थांबायचा आणि मान कलायची.

"अगं, तू ऐकतेस तरी काय?" एकदा मी वैतागून विचारलं. माझा आवाज चढला होता. दिगंबर माझ्याकडे बघायला लागला, कारण त्याने तो कधी ऐकला नव्हता.

"काही नाही, सर," ती म्हणाली. "आपोआप थांबतं."

त्या दिवशी घरी जाताना मला स्वतःचाच राग आला होता. इतकी गोड गळ्याची मुलगी आणि इतकी साधी गोष्ट. बाप कानाला फोन लावून बसणार, आणि त्याच्या कानावर ही अशी अडखळत गेलेली ओळ पडणार. मला ते सहन होईना.

रस्ता सापडला तो शाळेच्या व्हरांड्यात. तिथे शहाबादी फरशी होती. मी आठ फरश्या मोजून खडूने खूण केली आणि मनरूपला म्हणालो, एका मात्रेला एक फरशी, आठवी संपली की वळायचं, आणि वळताना तोंडात पुढच्या ओळीचा पहिला शब्द पाहिजे. पायांना थांबू द्यायचं नाही. पहिले काही दिवस ती वळायची आणि गप्प राहायची. अकराव्या दिवशी वळली आणि शब्द आला. पुन्हा वळली, पुन्हा आला. मी व्हरांड्याच्या टोकाला उभा राहून मोजत होतो. सबंध गाणं एकदाही न अडखळता झालं तेव्हा दिगंबर वर्गातून बाहेर आला आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग तेच उभ्याने. मग मान सरळ ठेवून. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम मध्येच पेटी बंद केली, दिगंबरला थांबवलं, तरी ती थांबली नाही. घड्याळासारखी पुढे गेली. मला इतका आनंद झाला, की मी त्या दिवशी सगळ्या वर्गाला पेढे वाटले.

स्नेहसंमेलनात ती अप्रतिम गायली. हे मी आजही म्हणेन. निवेदन करणाऱ्या मुलाने सीमेवरच्या जवानाचं सांगितलं, पालकांनी त्यालाच टाळ्या वाजवल्या, आणि मनरूप माइकसमोर उभी राहून एका दमात पहिला लांब सूर लावून गेली. दिगंबर मनापासून वाजवत होता. कुठेही, एकाही ओळीला, केसभर फट पडली नाही. मी पेटीवरून पुढच्या रांगेकडे पाहिलं. सुरजीत कौर फोन माइकच्या दिशेने धरून बसल्या होत्या. त्यांचा चेहरा मला हसरा दिसेल असं वाटलं होतं. त्या फोनकडे बघत होत्या, मुलीकडे नाही.

तिला पहिलं बक्षीस मिळालं. मी नंतर सुरजीत कौरना विचारलं, ऐकलं का त्यांनी, काय म्हणाले.

"शाबाश म्हणाले, सरजी." एवढं बोलून त्यांनी मनरूपची शाल नीट केली. "खूप छान झालं. तुम्ही फार मेहनत घेतली." आणि त्या लगेच निघाल्या. मी दिलेला पेढा हातात तसाच होता.

तीन आठवड्यांनी, मधल्या सुट्टीत, मनरूप संगीताच्या वर्गात आली. दारात उभी राहिली. मी पेटीच्या भात्याला ठिगळ लावत बसलो होतो.

"सर, ती चूक परत घालून द्या."

"कोणती चूक?"

"थांबायची."

मला हसू आलं. मी म्हणालो, अगं, ती काढायला महिना गेला आपला. ती माझ्यासमोर बाकावर बसली आणि खाली बघत, शाळेतली एखादी तक्रार सांगावी तसं तिने सगळं सांगितलं.

पापाजी फोनवर गाणं ऐकताना ‘हूं’ म्हणतात. गोष्ट ऐकताना आपल्याकडे मुलं म्हणतात तसं. त्यांच्या गावी त्याला हुंगारा म्हणतात, आणि तो दिला नाही तर सांगणाऱ्याने पुढे जायचं नसतं. लहानपणी ते तिला मांडीवर घेऊन गोष्टी सांगायचे तेव्हा ती हुंगारा द्यायची. आता ती गाते आणि ते देतात. प्रत्येक ओळीला एक. पण इटलीहून आवाज यायला वेळ लागतो. ओळ संपली, की ती थांबते, मग तिकडून ‘हूं’ येतं, आणि मग पुढची ओळ. पाच वर्षं ती हे गाणं असंच गायली होती. फोनशिवाय तिने ते कधी म्हटलंच नव्हतं.

"आणि आता?"

"आता माझं तोंड थांबतच नाही, सर. ते हूं म्हणतात ते माझ्या पुढच्या शब्दावर पडतं. मग त्यांना माझं ऐकू येत नाही आणि मला त्यांचं. त्या दिवशी मी स्टेजवर होते ना, तेव्हा त्यांनी तीनदा म्हटलं. मम्मीने ऐकलं. मग त्यांनी हूं म्हणायचं बंद केलं."

मी ठिगळ तसंच सोडलं.

"मला आधी का नाही सांगितलंस, बाळा? मी विचारलं होतं तुला, काय ऐकतेस म्हणून."

"मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. "ते नसल्यावर कळलं."

एखादं मूल काही विसरलं तर पुन्हा शिकवता येतं, हे मला माहीत होतं. मी त्याच दुपारी सुरुवात केली. ओळ म्हण, मनात दोन मोज, मग पुढची म्हण. तिला ते पहिल्याच दिवशी आलं. हुशार मुलगी, तालाला आता पक्की. पण रविवारी घरी दोन मोजून ती सुरू व्हायची, तेव्हा हुंगारा यायचा तिसऱ्याला. पुढच्या वेळी तीन मोजायची, तर तो दुसऱ्यालाच येऊन गेलेला असायचा, आणि मग उरलेली मात्रा नुसती रिकामी. मी म्हणालो, मोजू नकोस, ऐक. ती म्हणाली, ऐकते सर, पण आतून मोजलं जातं. मी फरश्यांवरच्या खुणा पुसून टाकल्या. तिला मोकळ्या मैदानात उभं केलं आणि मी दूर जाऊन मनाला येईल तेव्हा ‘हूं’ म्हणू लागलो. माझं ‘हूं’ येईपर्यंत तिचा अंगठा बोटांच्या पेरांवर चालत राहायचा. मी अंगठा पकडून ठेवला, तर पायाचं बोट चपलेत हलायचं. दिगंबर लांबून बघत होता. तो काहीही चेष्टा करू शकला असता, पण तो म्हणाला, "सर, सोडा. चढलेला ताल उतरत नाही."

मी सोडलं नाही. मार्च महिना सगळा त्यात गेला. शेवटी मला वाटलं, प्रत्यक्ष फोन होतो तेव्हा आपण तिथे असलं पाहिजे, आपल्याला काहीतरी दिसेल. सुरजीत कौरना विचारलं. त्या म्हणाल्या, "या ना सरजी, रविवारी सहाला."

दोन खोल्यांचं स्वच्छ घर होतं. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला. सहा वाजून गेल्यावर फोन आला. आधी सुरजीत कौर बोलल्या. गॅस आला, मनरूपच्या शाळेने पुढच्या वर्षीचा गणवेश बदलला, छताची गळती बुजवायला माणूस येऊन बघून गेला. तिकडून एकेका शब्दाचं उत्तर. पाच वर्षांत त्यांची बोलणी या गोष्टींवर येऊन थांबली होती, आणि दोघंही ती फार काळजीपूर्वक बोलत होते, काही सांडू नये अशा बेताने. ‘ये’ हा शब्द त्या घरात फक्त मनरूप म्हणायची, आणि तीही गाण्यात. हे मला तिथे बसल्यावर कळलं.

मग त्यांनी फोनचा स्पीकर लावला आणि तो पिठाच्या डब्यावर उभा केला. मनरूप समोर मांडी घालून बसली. मी आलोय हे गुरदयालना सांगितलं होतं. ते मोडक्या मराठीत म्हणाले, "सरजी, नमस्कार. पोरीला फार चांगलं शिकवलं." मी फोनलाच हात जोडले.

तिने सुरुवात केली. पहिली ओळ संपली. तिचे डोळे फोनवर होते आणि अंगठा पेरांवर. एक, दोन. ती दुसऱ्या ओळीत शिरली आणि त्याच क्षणी फोनमधून ‘हूं’ आलं. ती दचकून थांबली. तिकडेही शांतता झाली. दोघंही थांबून राहिले, मग दोघंही एकदमच बोलले. तिचा शब्द आणि त्यांचा शब्द एकमेकांवर पडले, आणि कोणाचंच काही कळलं नाही.

मग फोनमधून आवाज आला. पंजाबी होती, पण समजली. "तू गा पुत्तर. मी गप्प ऐकतो. तुझं बिघडायला नको."

"नाही पापाजी, तुम्ही म्हणा."

"तू गा."

ती माझ्याकडे वळली. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो.

ती पहिल्यापासून गायली. आता कुठे काही अडत नव्हतं. गहू कापला, लिंबाचं रोप वाढलं, विमान गच्चीवरून गेलं, तूं आवीं, तूं आवीं. डोळे मिटलेले, मान सरळ, सम जिथल्या तिथे. दुसऱ्या अंतऱ्याच्या सुरुवातीला फोनच्या काचेवरचा उजेड एकदा चमकला आणि विझला. मी पाहिलं. सुरजीत कौरनीही पाहिलं. फोन कटला होता. पूर्वी असं झालं असतं, तर हुंगारा आला नाही म्हणून पोरीला पुढच्याच ओळीला कळलं असतं. आता तिला थांबायचं कारणच नव्हतं. मी हात उचलला, तिला थांबवावं म्हणून, आणि सुरजीत कौरनी बसल्या जागेवरून हलकेच मान हलवून मला नको म्हटलं. म्हणून मी हात खाली घेतला, आणि ती त्या बंद पडलेल्या फोनसमोर उरलेलं सगळं गाणं गायली.

शेवटचा सूर संपल्यावर सुरजीत कौरनी वाकून फोन उचलला आणि तो कानाला लावून त्या आत गेल्या. जणू काही बोलायचंच आहे. दार लोटलं. आतून बटणं दाबल्याचा आवाज येत होता, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा बटणं.

मनरूपने डोळे उघडले. तिचा चेहरा गाण्याने लाल झाला होता.

"सर, या वेळी कुठेच चुकलं नाही ना?"

"नाही, बाळा," मी म्हणालो. "कुठेच नाही."